पिल्लाच्या आईला कोणी विचारले नाही

मित्रांनो, मी एक म्हातारी पग कुत्री आहे. चपटे नाक, सुरकुतलेले कपाळ, गुंडाळलेली शेपटी आणि एकच डोळा, असा माझा अवतार आहे. माझ्या जातीविषयी तुम्ही कदाचित वाचले असेल. 'घरात पाळण्यासाठी सर्वांत प्रेमळ लहान कुत्रे' अशा याद्या माणसे मोबाइलवर वाचतात. त्यांत आमचा नंबर बराच वर असतो. फोटोखाली लिहिलेले असते: शांत, लाघवी, मुलांशी छान जमते, जागा कमी लागते.

जागा कमी लागते म्हणे! मला किती जागा मिळाली होती ते ऐका.

माझा जन्म पाळीव प्राण्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. पुढच्या खोलीत मऊ गालिचा होता, भिंतीवर रंगीत फुगे काढलेले होते आणि काचेच्या पेटीत गळ्यात रिबिनी बांधलेली पिल्ले होती. तिथे दर तासाला सुगंधी फवारा मारत. मग एक दार, दारावर निळा पडदा आणि त्यापलीकडे आम्ही. एकावर एक तीन मजली पिंजरे होते. पिंजऱ्यांचा तळ जाळीचा होता, म्हणजे घाण आपोआप खाली पडावी आणि मालकाचा हात मळू नये. खाली म्हणजे कुठे? खालच्या पिंजऱ्यातल्या कुत्रीच्या अंगावर! त्या जाळीवर मी सात वर्षे उभी राहिले, झोपले आणि व्यालेसुद्धा. माझ्या पंजांची बोटे कायमची फाकली. मला नाव नव्हते. पिंजऱ्यावर चार हा आकडा लिहिला होता, म्हणून मी 'चार नंबर'.

मी मालकाविषयी खोटे बोलणार नाही. त्याने मला कधी मारले नाही. खाणे वेळेवर घालायचा, घालताना शीळही वाजवायचा. गिऱ्हाइकांना तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "आपल्याला कुत्र्यांचं भारी वेड आहे हो." आणि मित्रांनो, त्याला ते खरेच वाटायचे. मारत नाही एवढ्यावर हा माणूस स्वतःला दयाळू समजत होता. आजही ते आठवले की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात.

आमचे डोके मोठे आणि कंबर अरुंद. त्यामुळे पुष्कळदा आमची पिल्ले आपणहून बाहेर येत नाहीत, पोट कापून काढावी लागतात. ही ठेवण आम्ही मागितली नव्हती. माणसांना चपटे तोंड गोड वाटते, म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चपट्यातले चपटे निवडून आम्हाला असे घडवले. आम्ही घोरलो की माणसे खुदुखुदु हसतात आणि व्हिडिओ काढतात. अहो, ते घोरणे नाही, तो श्वासासाठी चाललेला झगडा आहे! तुमचे नाक चिमटीत धरून तुम्हाला जिना चढायला लावला, तर तुम्ही हसाल का?

माझे पोट चार वेळा कापले गेले. पिल्ले पाच आठवड्यांची झाली की मालक त्यांना उचलून पडद्यापलीकडे न्यायचा. ती अजून दूध पीत असायची. मी दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची आणि पलीकडचे बोलणे ऐकायची.

"चावतं का?"

"केस फार गळतात का? आमचा सोफा नवीन आहे."

"आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो. एकटं राहील ना?"

"अहो, काही म्हणजे काही त्रास नाही," मालक म्हणायचा. "उशीसारखं पडून राहतं बघा."

मग उशीच न्या ना! माझे बाळ कशाला नेता? मी भुंकायची, पण माझा आवाज बसलेला होता. आणि त्या सगळ्या वर्षांत, इतक्या गिऱ्हाइकांत, पिल्लाची आई कशी आहे, एवढे एकानेही विचारले नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी तिघेजण आले. दहा वर्षांची एक मुलगी, तिला घरात ठकी म्हणतात. तिचा बाबा, तो शाळेची बस चालवतो. आणि तिची आत्या, म्हणजे बाबाची थोरली बहीण. ही आत्या प्रसूतिगृहात नर्स आहे. तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. मला फक्त आवाज ऐकू येत होते, आणि त्यांत माझ्या शेवटच्या पिल्लाचे कुईकुई होते.

"हेच!" ठकी म्हणाली. "बाबा, हेच. बघ, माझ्या बोटाला चोखतंय."

"अरे वा, त्यानंच तुला निवडलं की," मालक म्हणाला. हे वाक्य तो प्रत्येकाला म्हणायचा.

मग आत्याचा आवाज आला. "चोखतंय कारण भुकेलंय. याची आई कुठंय?"

मी जाळीवर उठून उभी राहिले.

"आई? आई गावाला असते, मॅडम."

"कुत्र्याची आई गावाला? शेती बघते का?"

बाबा हसला. मालकही हसला, पण उशिराने. "तसं नाही, म्हणजे आमची मोठी जागा आहे तिकडं. मोकळं वातावरण. तुम्ही पिल्लू बघा ना."

"आमच्याकडं बाळ दाखवायला आणलं की आम्ही आधी आईची चौकशी करतो," आत्या म्हणाली. "सवय आहे. फोटो तरी दाखवा."

"ताई, जाऊ दे ना," बाबा पुटपुटला. "पोरगी केव्हापासून वाट बघतेय."

तेव्हा मी भुंकले. छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून भुंकले. आवाज फाटका आला, पण आला. पेटीतले पिल्लू लगेच ओरडले.

"आत कोण आहे?" ठकीने विचारले. मालक "अगं, तिकडं नको" म्हणेपर्यंत तिने पडदा सारून दार उघडले होते.

वासाने तिने आधी नाक दाबले. मग तिची नजर वरपासून खालपर्यंत गेली आणि माझ्यापाशी थांबली. माझा डावा डोळा तेव्हा पिकून बंद झाला होता. पोटावरच्या टाक्यांतून पाणी येत होते. आत्या ठकीच्या मागून आली आणि गुडघ्यांवर बसली. तिने हात लावला नाही. नुसते पाहिले आणि विचारले, "टाके पिकलेत. किती दिवस झाले?"

"कुत्र्यांचं असतं तसं. आपोआप भरतं."

"जखम कुणाचीही असो, ती चिघळते," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मालक एक पाऊल मागे सरकला.

ठकी बाबाला म्हणाली, "बाबा, पिल्लू एवढं गुबगुबीत आहे. मग ही त्याची आई अशी कशी?"

बाबा पिंजऱ्याकडून पेटीकडे वळला. तो म्हणाला, "ताई, आपण पिल्लू तरी घेऊन जाऊ. निदान एक तरी सुटेल."

"एक सुटेल आणि त्याच्या जागी हिला आणखी पिल्लं घालावी लागतील," आत्या म्हणाली. "आपण नेलं की यांना वाटणार, सगळं ठीक चाललंय."

ठकीने पेटीजवळ जाऊन पिल्लाला छातीशी धरले. ती रडत होती. मग तिने त्याला परत पेटीत ठेवले, आणि ते तिघे निघून गेले.

निघून गेले! मित्रांनो, त्या दुपारी मला मालकापेक्षा त्या तिघांचा संताप जास्त आला. इतरांनी निदान मला पाहिले नव्हते. यांनी पाहिले, विचारपूस केली आणि पाठ फिरवली. मी जाळी चावली. दात हलले तरी चावत राहिले. संध्याकाळी दुकानात एक जोडपे आले. पाच-दहा मिनिटांत पेटी उघडल्याचा आवाज झाला, बाहेरचे दार वाजले आणि माझ्या पिल्लाचा आवाज बंद झाला.

आत्या दुसऱ्या दिवशी आली. बरोबर प्राण्यांचे डॉक्टर होते आणि हातात कागद घेतलेली, प्राण्यांच्या छळाच्या तक्रारी बघणारी एक अधिकारी बाई होती. आदल्या दिवशी दुकानातून निघून आत्या सरळ या अधिकारी बाईच्या कचेरीत गेली होती. सुट्टी म्हणून कचेरी बंद, तर तिने त्या बाईचे घर शोधून दार वाजवले होते. मालकाने रातोरात पिंजरे धुतले होते, पण जाळीच्या खुणा आमच्या पायांवरून कशा धुणार? डॉक्टरांनी एकेका कुत्रीला उचलून बाहेर आणले. आम्ही सतरा जणी होतो. मालक सारखा म्हणत होता, "अहो, मी यांना पोटच्या पोरींसारखं सांभाळलंय." डॉक्टर मला टेबलावर ठेवत म्हणाले, "मग पोरींची नावं सांगा बघू."

एक दिवस. फक्त एक दिवस आधी हे झाले असते तर माझे पिल्लू माझ्याजवळ असते. ते जोडपे कोण होते, हे आजतागायत कोणाला सापडलेले नाही. दुकानाच्या वहीत त्यांचे नावसुद्धा नव्हते. हा राग मी कोणावर काढू? आत्याने जे केले ते बरोबरच होते, हे मला आता कळते. तरी तो राग जात नाही.

डॉक्टरांनी माझा डोळा काढला. तो वाचणार नव्हता. प्राण्यांच्या आसऱ्यात मी दोन महिने राहिले. लोक तिथे कुत्री न्यायला यायचे. माझ्यासमोर थांबायचे, "अगंबाई, पग!" म्हणायचे, मग मी मान वळवली की "अरेरे" म्हणून पुढे जायचे. एका रविवारी ठकी आली. बाबा आणि आईही बरोबर होते.

"ठके, आपण पिल्लू आणायचं ठरवलं होतं ना?" बाबा हळूच म्हणाला.

"आपण प्रेमळ कुत्रं आणायचं ठरवलं होतं."

तेवढ्यात मी तिच्यावर गुरगुरले.

"वा, भलतीच प्रेमळ आहे!" आई म्हणाली. पण मला कपडा गुंडाळून घरी घेऊन आली तीच.

आता माझ्या रागाचे आणखी एक कारण सांगते. घरी गेल्यावर मी कपडे धुण्याच्या मशीनमागे जाऊन बसले आणि तीन आठवडे बाहेर आले नाही. बाबाने वाटी पुढे सरकवली तर त्याचे बोट चावले. येणारे-जाणारे म्हणायचे, "पग तर किती मायाळू असतात! ही अशी काय? हिची जात तरी अस्सल आहे ना?" जसे काही माया ही कारखान्यात बसवून देतात आणि माझ्यात ती बसवायची राहून गेली! सात वर्षे ज्या हातांनी माझे काही ना काही काढूनच नेले, ते हात दिसले की मी शेपूट हलवावी, अशी या लोकांची अपेक्षा. एकदा बाबानेच पाहुण्यांना ऐकवले, "अहो, तुम्ही नवीन नोकरीत पहिल्या दिवशी साहेबाच्या मांडीवर बसला होतात का?" तेव्हा मला तो माणूस जरा बरा वाटला. बोटावर तेव्हाही पट्टी होती.

सगळ्यांत आधी मी आईच्या जवळ गेले. तिला मुळात कुत्रे नको होते. ती दुपारी मशीनजवळ जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. माझ्याकडे पाहायची नाही, बोलवायची नाही, चुचकारायची नाही. मोज्यांच्या जोड्या लावता लावता स्वतःशीच बोलायची, "एकाचा दुसरा कुठं जातो देव जाणे." रोज. मी तिच्या पायाच्या अंगठ्यापासून हातभर दूर, मग वीतभर दूर. एके दिवशी मी हनुवटी तिच्या पावलावर टेकवली. ती हलली नाही. पायाला मुंग्या आल्या असणार, तरी पाऊण तास तशीच बसली. मग म्हणाली, "बाईसाहेब, आता मला उठू द्या, कुकर लावायचाय." त्या दिवसापासून माझे नाव बाईसाहेब.

आता या घरात मला चार वर्षे झाली. मी मऊ अंथरुणावर झोपते. उन्हाच्या वेळी मला बाहेर नेत नाहीत, जिन्यावरून उचलून नेतात. ठकी रोज माझ्या चेहऱ्याच्या सुरकुत्या ओल्या फडक्याने पुसते आणि मी रोज तक्रार करते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. मोबाइलवर एका पिल्लाचा फोटो होता. "आमच्या घरी असंच एक आणायचं म्हणतेय. एवढंसं, प्रेमळ, कुणाला त्रास नाही. हा माणूस घरपोच देतो म्हणतोय."

ठकी आता चौदा वर्षांची आहे. ती म्हणाली, "काकू, त्याला एवढंच विचारा, आम्ही येऊन पिल्लाच्या आईला भेटू का?"

"त्यात काय एवढं," म्हणत काकूंनी तिथल्या तिथे फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता. त्या माणसाने पिल्लाचे कौतुक केले, रंगाचे केले, स्वभावाचे केले. मग काकूंनी विचारले, "आम्ही याच्या आईला बघायला कधी येऊ?"

पलीकडून लगेच फोन कट झाला. काकूंनी पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी फोटो पुसून टाकला आणि ठकीला विचारले, "त्या आसऱ्याचा पत्ता दे बरं."

मित्रांनो, घरात कुत्रे आणायचे ठरले की तुम्ही याद्या वाचाल, फोटो बघाल, रंगावरून भावंडांशी भांडाल. जरूर भांडा. पण जो आई दाखवत नाही त्याच्या दारातून मागे फिरा. पिल्लू कितीही गोड असो, रडू आले तरी फिरा. आणि नुसते फिरू नका. तिथे काय पाहिले ते मोठ्या माणसांना त्याच दिवशी सांगा, उद्यावर टाकू नका. त्या पडद्यामागे कोणीतरी दाराकडे तोंड करून बसलेली असते.