चाळीस मिनिटांचा थांबा

चाचणीसाठी दोन विमानं भाड्याने आली, त्याच दिवशी सामान चढवणाऱ्यांनी त्यांची बारशी उरकली. एक लांबडं, एक बुटकं. जवळच्या मार्गांसाठी कंपनीला यातलं एकच निवडायचं होतं, आणि तशी तीस घ्यायची होती. वरच्या मजल्यावर तक्ते चालले होते: इंधन कोण जास्त पितं, इंजिन कोणाचं लवकर उघडावं लागतं, वैमानिकांना शिकवायला किती महिने जातील. पण उड्डाण तासाभराचं असलं की खरा हिशेब जमिनीवर लागतो. उभं विमान म्हणजे ऐतखाऊ पाहुणा. दर थांब्याला दहा मिनिटं वाचली तर दिवसाकाठी एक फेरी जास्त निघते.

म्हणून थांबे मोजायचं काम माझ्याकडे आलं. चाकांना ठोकळे लागल्यापासून विमान निघायला तयार होईपर्यंत किती मिनिटं, ते लिहायचं. सव्वीस वर्षं मी दुसरं केलंय काय? प्रवासी उतरवा, सामान काढा, इंधन भरा, प्रवासी चढवा, आणि शेवटी वजनाचा कागद घेऊन जिना चढा नि वैमानिकांच्या हातात द्या. माझी नोंद चुकली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं.

आठवड्यातून दोनदा तो कागद घ्यायला माझी लेक बसलेली असते. को-पायलट आहे; कागद तपासायचं काम तिचं. घरी मात्र ती तीन वर्षं आलेली नाही.

तिचे बाबा गेले त्या दिवशी तिची उड्डाणाची परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी पोचली. घर माणसांनी भरलेलं, ती बॅग घेऊन दारात उभी, आणि मी म्हणाले, "आता कशाला आलीस? पास झालीस ना?" उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने बॅग खाली ठेवलीच नाही. संध्याकाळी गेली ती गेली. मी बोलावलं नाही, कारण चूक माझी होती आणि मला ते माहीत होतं.

फोनवर ती 'हो', 'नाही', 'ठीक' यात मला आटोपते. कॉकपिटमधून मात्र तिला उठून जाता येत नाही; पट्टा बांधलेला असतो. सध्याच्या जुन्या विमानांचा थांबा चाळीस मिनिटांचा. काम झटपट आवरलं की अकरा मिनिटं उरतात, आणि मी ती उरवतेच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशी मी कागद पुढे धरून उभी राहते. पहिलं वर्षभर आम्ही नुसते किलो बोललो. मग एकदा मान वर न करता तिने विचारलं, "गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, "छान आहे." त्यावर मी चार दिवस काढले.

लांबड्यात एका ओळीत सहा जण. एकाने बॅग वर ठेवायला घेतली की मागचे सगळे खांबासारखे उभे. सदतीस, अडतीस मिनिटं. बुटक्यात चारच जण, वाट रुंद, सामानाचं दार हाताला येईल इतकं खाली. सत्तावीस मिनिटांत तयार. शिवाय वजनाचे आकडे त्यात थेट पडद्यावर जातात. चाचणीपुरता कागद ठेवला होता एवढंच. म्हणजे बुटकं आलं की थांबा तीस मिनिटांचा होणार, आणि जिना चढायला मला निमित्तच उरणार नाही. मी कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही, पण त्या विमानाचं चिंतलं. फॉर्म भरताना हात थांबायचा. सत्तावीसच्या जागी सदतीस लिहायला कितीसा वेळ लागतो? तरी दर वेळी सत्तावीसच लिहिलं.

महिन्याभराने निवड समितीतल्या चष्मेवाल्या साहेबांनी मला बोलावलं. वैमानिकांचाही वेगळा फॉर्म असतो, विमान कधी तयार झालं ते लिहायचा. त्यातले चार त्यांनी टेबलावर मांडले.

"मॅडम, बुटक्याचं सगळ्यांचं तुमच्याशी जुळतंय. ही चार पानं सोडून. एकाच व्यक्तीची आहेत. एकोणचाळीस, चाळीस, अडतीस, चाळीस. त्याच फेऱ्यांना तुमचं सत्तावीस."

खाली सहीच्या जागी नुसता नंबर होता. तो मला पाठ आहे.

"बुटकं ठरलंय, त्यात काही फरक पडत नाही," साहेब म्हणाले. "पण मुद्दाम खोटं लिहिलं असेल तर चौकशी लावावी लागेल. कोणाचं खरं?"

मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. मला वाटत होतं, ती अकरा मिनिटं माझी एकटीची आहेत.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "दार लागायच्या आधीच मी वेळ लिहून टाकली."

साहेबांना खरं वाटलं नसावं. तरी त्यांनी माझे आकडे खोडले आणि मी शेजारी सह्या केल्या.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी बुटकं उशिरा आलं. लगेच परत पाठवायचं होतं. मी वर पोचले तेव्हा हातात चार मिनिटं होती. कॅप्टन मागे एअर होस्टेसशी बोलत होते. लेकीने कागद घेतला.

"चाळीस कुठून काढलेस?" मी विचारलं.

तिचं पेन थांबलं. "दाखवले त्यांनी तुला?"

"हो."

"मग काय सांगितलंस?"

"माझं चुकलं म्हणून सांगितलं."

तिने वळून पाहिलं. "तू? असं म्हणालीस?"

"त्यांच्यापुढे म्हणणं सोपं होतं," मी म्हटलं. "तुझ्यापुढे जमत नाही. त्या दिवशी दारात मी जे बोलले ते फार वाईट बोलले. बाबांना तू पास व्हायलाच हवी होतीस, आदल्या रात्री ते तेच म्हणत होते. मला तुझाच राग आला, कारण दुसरं कोणी नव्हतं रागवायला. चुकलं माझं. मला तुझी फार आठवण येते गं."

बोलून झालं तेव्हा समोरच्या घड्याळात अजून तीन मिनिटं शिल्लक होती. तीन वर्षं जे अडलं होतं त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

खालून वायरलेसवर कोणीतरी विचारलं, वर काय अडलंय. तिने बटण दाबून सांगितलं, "कागद तपासतोय." कागद केव्हाच तपासून झाला होता. एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या, आणि कॅप्टन येईपर्यंत आम्ही दोघींनी तो सोडला नाही.