मौनातलं गाऱ्हाणं

पनवेलच्या बाजारपेठेमागच्या प्रार्थना मंदिरात मूर्ती नव्हती, घंटा नव्हती, आणि अलीकडे माणसंही नव्हती. स्वातंत्र्य आलं तेव्हा रविवारच्या उपासनेला बसायला जागा पुरत नसे. पाच-सहा वर्षांत कुणी मुंबईला गेलं, कुणी कायमचं गेलं, आणि उरली मूठभर डोकी, तीही पिकलेली. दिवाळीपर्यंत नवी माणसं आली नाहीत तर मंदिराला कुलूप लावायचं, असं ठरून गेलं होतं.

काशिरामपंत मास्तर मंदिराचे प्रमुख. माणूस जातपात न मानणारा, पण शिस्त अशी मानायचा की सोवळ्यातल्या भटजींनी हात टेकावेत. उपासनेचा गाभा म्हणजे शेवटचं मौन, यावर त्यांचा भारी जोर. खरं तर पत्नी कृष्णाबाई गेल्यापासून त्या मौनात त्यांच्या मनात एक शब्द उमटत नसे. डोळे मिटून ते कोरडेच बसत. हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कळू द्यायची त्यांची छाती नव्हती.

पेटी वाजवणाऱ्या वेणूताईंनी मिठागरावरच्या बायकांना बोलवायचं काढलं, तेव्हा पंतांनी मान डोलावली. शेजारचे कापडवाले नियाजभाई भजनं ऐकायला ओट्यावर बसत. त्यांनाही वेणूताईंनी आत ओढलं. तुम्ही नमाज सोडू नका, आमचं मौन मोडू नका, एवढंच पंतांनी त्यांना सांगितलं.

त्या रविवारी बायका आल्या, मिठाने चिरलेल्या टाचा लुगड्याखाली लपवत सतरंजीवर बसल्या. सगळ्यांत पुढे सखूबाई. भजनाला त्यांनी टाळ्यांचा असा ठेका धरला की पेटी मागे पडली. पंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी भजन पुरं होऊ दिलं. मग नेहमीप्रमाणे त्यांनी प्रत्येकाला मनातलं देवाला सांगायला सांगितलं आणि डोळे मिटले.

सखूबाईंनी समोर पाहिलं. समोर नुसती समई.

"कोनाला सांगाचा?" त्यांनी वेणूताईंना विचारलं.

"तुमचं जो ऐकतो त्याला."

झालं. सखूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या आणि गावच्या देवीपुढे घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घालू लागल्या. बांध फुटू देऊ नको, सुनेला सुखरूप मोकळी कर, नातवाचा ताप उतरव. दर मागण्याला बाकीच्या बायका "होय" म्हणून साथ देत होत्या. मौनाचा पार धुव्वा उडाला.

पंत ताडकन उठले. त्यांनी आता थांबवलं तर या बायका पुन्हा पाय ठेवणार नाहीत, हे वेणूताईंना कळून चुकलं. त्यांचा चेहरा उतरला.

सखूबाईंना मात्र वाटलं, मास्तरांनाही गाऱ्हाणं घालायचंय. त्या अदबीने थांबल्या. सगळे पंतांच्या तोंडाकडे बघू लागले. पंतांच्या तोंडून शब्द फुटेना. रागाचा फुटेना, प्रार्थनेचा तर नाहीच.

"ऱ्हाव द्या मास्तर, आमी सांगतो," म्हणत सखूबाई समईकडे वळल्या. "देवा, कृष्णाबाय आमच्याकरशी मीठ घेवाची. पान्याचा तांब्या दिल्याबगर तिनं कदी जाव दिला नाय. ती गेली, नि ह्यो मानूस एकला परला. त्याला बोलता येत नाय. त्याचा तू न बोलता आयक."

"होय," बायका म्हणाल्या.

"आमीन," नियाजभाई हळूच म्हणाले.

पंतांच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याची एवढी वर्षं डोळे मिटून वाट पाहिली, ते या गलक्यात समोर येऊन उभं राहिलं होतं. त्याच्यापुढे आपण केवढे लहान आहोत हे त्यांना कळलं, आणि त्याचं भय वाटलं नाही. ते खाली बसले. आपल्या चौरंगावर नाही, बायकांच्या रांगेशेजारी सतरंजीवर.

सखूबाई पुढचं मागणं मागू लागल्या, यंदाचं उधाण आवर म्हणून. होय म्हणणाऱ्यांत एक जाड, न सरावलेला आवाज मिसळला. वेणूताईंनी चमकून पाहिलं. पंतांचे डोळे उघडे होते, आणि वाहत होते.