खोडाखोड

मुलगा टीव्हीसमोर उकिडवा बसून फोन झटकत होता, झटकल्यावर चित्र पडद्यावर जाऊन पडेल असं त्याला वाटत असावं. टीव्ही नवा कोरा, स्टुलावर भिंतीला टेकवलेला. कडेचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मागे सोफ्यावर बाई बसल्या होत्या. आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवल्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. मुलगा स्वतः क्लासात शिकला तेव्हा तोही तिथे बाई म्हणायचा, आणि घरी आल्यावर आई.

"फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात, आई," तो म्हणाला. "नाहीतर एकमेकांना दिसत नाहीत."

"माणसांसारखंच की," बाई म्हणाल्या.

तो हसला नाही. शेजाऱ्यांकडून मागून आणलेला पासवर्ड त्याने पुन्हा एकदा घातला.

घर विकायचं ठरलं होतं. जिना चढवत नव्हता, मध्यंतरी न्हाणीघरात पडूनही झालं होतं. एकटीने राहण्याचे दिवस संपले हे बाईंनाही पटलं होतं. मग जायचं कुठे, हे मात्र कुणी तोंडाने बोललं नव्हतं. त्यात बोलायचं काय? मुलाकडे. बाईंनी बॅगा भरून सोफ्याजवळ लावूनही ठेवल्या होत्या. सकाळी टीव्ही घेऊन आला तेव्हा मुलगा म्हणाला, तुझ्या खोलीत लावायला आणलाय, बिघडलेला निघाला तर तिथे पंचाईत नको, म्हणून इथेच लावून बघू. 'तुझ्या खोलीत' एवढंच बाईंनी ऐकलं, आणि दिवसभर त्यांना भूक लागली नाही.

अखेर जमलं, फोनवर जे दिसेल ते सगळं टीव्हीवर दिसायला लागलं. फोनमधली नात एकदम भिंतभर झाली. मग सूनबाई, मग नव्या कपाटासमोर दोघी. बाई माणसांच्या मागच्या भिंती न्याहाळत होत्या.

"ती मागची छोटी खोली दाखव ना."

त्याचं बोट भराभर सरकलं. ती खोली आता नातीच्या अभ्यासाला दिली, टेबल तिथेच बसवून घेतलं, असं काहीसं तो पुटपुटला. टेबल हलवता येईल, असं बाई म्हणणार होत्या, तेवढ्यात फोन वाजल्यासारखा टुणकन आवाज झाला. त्याने घाईने फोटो बंद केले, आलोच म्हणाला आणि काचेचं दार ओढून बाल्कनीत गेला. फोटो बंद केले म्हणजे सगळं बंद झालं, अशी त्याची समजूत. आईला शिकवताना सगळं येत असल्याच्या थाटात बोलायचं आणि स्वतः अर्ध्यावर सोडायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

टीव्हीवर ताईचा, म्हणजे बाईंच्या थोरल्या लेकीचा, मेसेज उघडला. अक्षरं फळ्यावर लिहिल्याएवढी मोठी. 'सांगितलंस का आईला? वृद्धाश्रमवाले आज खोली पक्की करा म्हणतायत. मी किती थांबवू त्यांना?'

अरे, चालू आहे, असं ओरडून सांगायला बाईंनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. काचेपलीकडे त्याची पाठ दिसत होती. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

'नाही अजून. ती बॅगा भरून बसली आहे.' खोडलं.

'तिला वाटतंय माझ्याकडेच' इथपर्यंत आला, आणि तेही खोडलं.

क्लासात पोरं रबराने खोडून कागद पुढे करायची, तेव्हा बाई तो आधी खिडकीशी उजेडात धरायच्या. कागदावर उरलेलं कुणीही वाचेल. पोर अडलं कुठे, ते खोडलेल्यात कळतं, असं त्या म्हणायच्या. ज्या कागदावर खोडाखोडच नाही, त्याला न बोलता दहापैकी दहा देऊन बाजूला ठेवायच्या.

बराच वेळ पडद्यावर काही आलं नाही. मग सावकाश एक ओळ आली. 'ताई, मी तिला घरीच नेतो. हिला काय वाटायचं ते वाटू दे.'

पाठव, पाठव रे बाबा, बाई मनात म्हणत राहिल्या. ओळीच्या टोकाशी ती बारीक रेघ लुकलुकत होती. मग अक्षरं शेवटाकडून जायला लागली. 'वाटू दे' गेलं, 'हिला' गेलं, 'घरीच' गेलं. नुसतं 'ताई' उरलं, आणि त्यापुढे त्याने लिहिलं, 'संध्याकाळी सांगतो.' ते गेलं.

फोन खिशात गेला तसा टीव्हीही काळा पडला. मुलगा आत येऊन बाईंशेजारी बसला. कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलायच्या आधी व्हायचे, तसेच.

"आई, एक बोलायचं होतं."

"आधी मी बोलते," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे दिवसभर घरात कुणी नसतं. मला नाही करमायचं तिथे. एखादी बरी जागा बघा माझ्यासाठी, माझ्या वयाची माणसं असतील अशी."

बोलून झालं आणि त्या वाट बघत राहिल्या. त्याने नुसतं 'काहीतरीच काय बोलतेस' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मघाची ती ओळ त्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचली होती. आता बाकीचं ओझं आईने उचललं होतं, त्याने फक्त ती ओळ तोंडाने म्हणायची होती.

मुलगा टीव्हीच्या कडेचं प्लास्टिक बघत होता.

"नक्की ना, आई?"

"नक्की."

त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला, नंतर एवढंच म्हणाला की ताईला कळवून टाकतो, ती काळजीत आहे. उठताना तो बॅगांना अडखळला, त्या सरळ करून ठेवल्या आणि बाल्कनीत गेला. काचेचं दार या वेळी त्याने ओढलंही नाही.

टीव्ही उजळला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि सोफ्याच्या कडेशी सरकल्या. तोंडाने बोलता नाही आलं त्याला, लहानपणापासून नाहीच येत. पण लिहिताना थांबेल. काहीतरी लिहील आणि खोडेल. तेवढं दिसलं तरी पुरे होतं.

'ताई, सुटलो गं. आई स्वतःहूनच तयार झाली. आजच खोली पक्की करून टाक.'

कुठेही न थांबता त्याने ते लिहिलं आणि पाठवलं. एक अक्षर खोडलं नाही.

दहापैकी दहा, बाई मनात म्हणाल्या. मग तो आत यायच्या आधी त्यांनी उशीखालून रिमोट शोधून काढला, आणि टीव्ही बंद केला.