बत्तीस आकड्यांची बैलगाडी

आताच्या पोरांच्या खिशात मोबाइल असतो आणि मोबाइलात पन्नास खेळ. एके काळी खेळायच्या आधी खेळच रोज पहिल्यापासून टाइप करावा लागायचा, असं त्यांना सांगितलं तर ती फिदीफिदी हसतात. हसू देत बापडी. महाळुंगे पडवळच्या भागुजी मापाड्याच्या घरी पंचाण्णव साली असंच चालायचं, आणि ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आजचे खेळ अळणी लागतात.

भागुजी मंचरच्या बाजारात मापाडी होता. काट्यावर बटाट्याची गोणी चढली की वजन पुकारायचं, ट्रक लागला की ट्रकचा नंबर पुकारायचा. लिहिणारे लिहून घेत. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण इंग्रजी अक्षरं ट्रकच्या पाट्यांवरून पक्की झालेली. एकदा तोंडातून गेलेला आकडा तो विसरत नसे, आणि याचा त्याला तोराही भारी होता.

त्याचा मेव्हणा पुण्याला खडकीत नोकरी करायचा. मेव्हण्याच्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी घरातला जुना कॉम्प्युटर त्याला देऊन टाकला आणि त्यानं तो भाचीला, भागुजीच्या यशोधराला, आणून दिला. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर रबरी बटणांची एक काळी पाटी. ती टीव्हीला जोडायची आणि चॅनेलचा खटका फिरवत बसायचं. पडद्यावरच्या मुंग्या जाऊन अक्षरं उमटली की घरात टाळ्या पडायच्या. सोबत एक इंग्रजी पुस्तक होतं. नववीतल्या यशोधरानं डिक्शनरी मांडीवर घेऊन ते अख्खं वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीत स्वतःचा खेळ रचला. बटाट्यानं भरलेली बैलगाडी महाळुंग्याहून मंचरला न्यायची, वाटेत खड्डेच खड्डे. खड्ड्यात चाक गेलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘बटाटे सांडले’ असं यायचं आणि बघणारी गल्ली खिदळायची.

पण वीज गेली की खेळही गेला. टेपवर तो साठवता येतो असं पुस्तकात लिहिलेलं होतं. घरच्या टेपवर भीमगीतं झकास वाजायची, प्रोग्रॅम मात्र कधी परत आला नाही. आणि वीज तर रोज जायची. मग रोज संध्याकाळी भागुजी खेळ लिहून ठेवलेली वही घेऊन बसे, बाजारातल्यासारखा खणखणीत आवाजात एकेक अक्षर पुकारे आणि यशोधरा बटणं दाबे. शेवटी बत्तीस आकडे यायचे. त्यांतून दोन बैल आणि गाडी उमटायची. ट्रकला जसे सरकार नंबर देतं, तसे हे आकडे कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या हापिसानं ठरवून दिले असणार, अशी भागुजीची ठाम समजूत होती. दोन महिन्यांत त्याला वही लागेनाशी झाली. जेवतानासुद्धा तो आकडे पुटपुटायचा. त्याची बायको जानकाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

जानेवारीत घोडेगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. पहिला येईल तो पुण्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार. भागुजीनं रजा टाकली, चौदा इंची टीव्ही चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतला आणि बापलेक एसटीनं घोडेगावात उतरले. भोवती पवनचक्क्या होत्या, ज्वालामुखी होते, थर्माकोलच्या सूर्यमाला होत्या. कॉम्प्युटर एकट्या यशोधराचा. दुपारपर्यंत तिच्या टेबलापुढं अशी रेटारेटी झाली, की भागुजी दोन्ही हात पसरून, “सरका राव, सरका,” करत उभा होता.

परीक्षक होत्या कॉलेजात शिकवणाऱ्या वृषाली मॅडम. बाई कडक. आदल्याच वर्षी एका मुलानं विकतचा रेडिओ स्वतःचा म्हणून मांडला होता आणि त्या फसल्या होत्या. त्यांनी खेळ पाहिला, वही चाळली आणि सरळ विचारलं, “हे कुठून उतरवलंस?”

“मी लिवलंय, मॅडम.”

“असं सगळेच म्हणतात.”

भागुजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो काही बोलणार तेवढ्यात हॉलमधली वीज गेली. वीस मिनिटांनी आली, तेव्हा टीव्हीवर रिकामा पडदा होता. यशोधराचा चेहरा उतरला.

मॅडमनी वही काखेत मारली. “बरं झालं. तुझंच असेल तर पुन्हा लिही. वही माझ्याकडे राहील. तासाभरानं येते. नाही जमलं तर तुझं नाव कापावं लागेल.”

“आवो, मी हाय की!” भागुजी पुढं झाला. “मला समदं पाठ हाय.”

“काका, तुम्ही एक शब्द बोललात तरी मुलगी बाद.”

झालं! अख्ख्या बाजाराला आवाज ऐकवणाऱ्या माणसाला घोडेगावात मुकं करून टाकलं. भागुजीनं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि भिंतीला पाठ टेकली.

प्रोग्रॅमच्या ओळी यशोधरानं भराभर लिहिल्या. भागुजी मनात पुकारत होता आणि पोरीची बोटं त्याच्या पुढं पळत होती. मग आकड्यांची पाळी आली आणि ती थांबली. विसरली! सगळे बत्तीस भागुजीच्या जिभेवर उभे होते आणि जीभ बांधलेली होती.

यशोधरानं टेबलावर मांडलेल्या माहितीच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला पट्टीनं चौकटी आखल्या. आठ आडव्या, आठ उभ्या. वर उजवीकडून एक, दोन, चार, आठ असं दुप्पट करत एकशे अठ्ठावीसपर्यंत लिहिलं. चौकटी पेन्सिलीनं काळ्या करत ती बैलाचं तोंड काढू लागली. मग एकेका ओळीतल्या काळ्या चौकटींच्या वर लिहिलेल्या आकड्यांची ती बेरीज करी आणि आकडा टाइप करी. “बत्तीस, सोळा, आठ, चार. साठ.”

साठ! भागुजीनं टॉवेल आणखी घट्ट दाबला. साठच होता तो. पुढचाही जुळला, त्याच्या पुढचाही. म्हणजे हे आकडे कुठल्या हापिसातून आलेले नव्हते. ही बेरीज होती. त्याच्या घरात, त्याच्या चटईवर बसून केलेली बेरीज होती, आणि दोन महिने तो नुसता पोपटासारखा बोलत होता. त्याला लाजही वाटली आणि अभिमानही वाटला.

मग घात झाला. बैलाच्या सगळ्यांत वरच्या ओळीचा आकडा तिनं शेवटाला ठेवला होता. तिथं छत्तीस पाहिजे होता. तिनं एकशे एकोणतीस टाइप केला. दुसऱ्या बैलालाही तोच. भागुजीनं डोळे गच्च मिटले.

मॅडम आल्या. वही उघडून पडद्यावरचे आकडे पडताळू लागल्या. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

“वहीत छत्तीस आहे. तू एकशे एकोणतीस लिहिलंस. चुकलं की नाही?”

“चुकलं नाय मॅडम, बदललं.” यशोधरानं तक्ता पुढं केला. “छत्तीसनं ह्या मधल्या चौकटी काळ्या होतात, शिंगं जवळजवळ येतात. आण्णा पयल्या दिवसापासून म्हणत्यात, यशू, हे बैल हायेत का शेळ्या? एकशे एकोणतीसनं शेवटच्या दोन चौकटी काळ्या होतात. शिंगं रुंद होतात.”

“मग घरीच का नाही बदललंस?”

यशोधरानं बापाकडं बघितलं आणि मान खाली घातली. “आण्णांना छत्तीस पाठ झालं व्हतं. मधेच बदललं असतं तर त्यांचं पुकारणं अडलं असतं. रोज किती हौसेनं पुकारायचे.”

तिनं बटण दाबलं. रुंद शिंगांची खिल्लारी जोडी पडद्यावर उभी राहिली. मॅडम स्वतः खुर्चीवर बसल्या आणि तिसऱ्याच खड्ड्यात बटाटे सांडून बसल्या. “परत,” त्या म्हणाल्या. चार वेळा सांडल्यावर उठल्या, वही यशोधराच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “माझंच चुकलं, बाळ.” मग भागुजीकडं वळून हसल्या. “काका, आता बोला.”

भागुजीनं तोंडावरचा टॉवेल काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आकडा फुटला नाही. डोळेच पुसले त्यानं टॉवेलानं.

संध्याकाळी पहिला नंबर जाहीर झाला. परतीच्या एसटीत खच्चून गर्दी होती. पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि भागुजी चादरीतला टीव्ही मांडीवर धरून ताठ बसला होता. कंडक्टर आला आणि त्यानं गाठोड्यावर टिचकी मारली.

“काय हाय वो ह्यात, पावणं?”

भागुजीचा बाजारातला आवाज परत आला होता. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा तो म्हणाला, “माझ्या लेकीचं बैल हायेत. पुण्याला निघाल्यात.”