आठवी ड हजर

"नावं ड ची घ्यायची, मुलं अ ची बसतील," राजगुरू बाई म्हणाल्या आणि बशीत ओतलेला चहा शांतपणे प्यायल्या. "त्यात एवढं बघत काय बसलात माझ्याकडे?"

ललिता ओव्हाळ खरंच बघत बसली होती. बी.एड.साठी शाळेत शिकवायचा तिचा छात्रसेवाकाल संपत आला होता. सदाशिव पेठेतल्या या शाळेनं आल्या दिवशीच तिला आठवी ड दिली होती, म्हणजे एकही कायम शिक्षक राजीखुशीनं घ्यायचा नाही ती तुकडी. शिकाऊ बाईच्या गळ्यात मारायला बरी. मार्गदर्शक म्हणून राजगुरू बाई नेमलेल्या. त्यांनी ड च्या वर्गात कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण "पाठ निरीक्षण केले" याखाली सही मात्र रोज त्यांची.

शेवटचा पाठ उद्या होता. कॉलेजचे साने सर मूल्यमापनाला येणार होते. जी तुकडी शिकवली तिच्यावरच पाठ व्हायला हवा असा नियम, म्हणून कागदावर ड हवी. त्यात शाळेनं त्याच तासाला हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे साहेब बोलावले होते. कंपनी शाळेला संगणक देणार होती आणि त्याआधी तिला गरिबाघरची मुलं बघायची होती. मुख्याध्यापकांनाही गरिबाघरचीच दाखवायची होती, फक्त ती हुशार, गोरीगोमटी आणि स्पष्ट उच्चारांची असावीत एवढीच त्यांची माफक अपेक्षा. त्यावर राजगुरू बाईंनी हा तोडगा काढला होता. अ च्या मुलांना त्यांनी ड ची नावं वाटूनही टाकली होती.

"आणि प्रश्न विचारलात की सगळे हात वर करतील. ज्याला येतंय तो उजवा, येत नाही तो डावा. तुम्ही उजवेच विचारा. आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे."

ललिता म्हणाली, "बाई, आरशाचा धडा माझ्या मुलांना येतो. मी त्यांना सांगितलंय पाहुणे येणार म्हणून."

"येत असेल हो. पण तोंड उघडलं की कुठली आहेत ते कळतं ना." मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. "तुमचं तसं नाही हं. तुमचं मराठी छान आहे."

ललिता काही बोलायच्या आत राजगुरू बाईंनी कप खाली ठेवला आणि जूनपासून सेमी इंग्रजीची एक जागा निघते आहे, मुख्याध्यापक ती ललितालाच द्यायची म्हणत आहेत, हे जाता जाता कानावर घातलं.

ती जागा म्हणजे काय, हे विश्रांतवाडीच्या तिच्या घराला विचारावं. भोसरीची कंपनी बंद पडल्यावर तिचा नवरा सुदर्शन एका आयटी कंपनीच्या फाटकावर रखवालदार झाला होता. सासूनं, मुक्ताईनं, उभा जन्म महापालिकेच्या शाळेत झाडू मारला होता. सून शाळेत बाई होणार हे तिनं विहारात, गिरणीत, दवाखान्याच्या रांगेत सांगून ठेवलं होतं. चौतिसाव्या वर्षी बी.एड. करणाऱ्या ललिताचा डबा रोज तीच भरायची.

रात्री ललितानं सगळं सांगितलं तेव्हा सुदर्शन म्हणाला, "साहेब लोकांना फोटो पाहिजे असतो. काढू दे. तू कर आणि मोकळी हो." मुक्ताई उद्याच्या डब्याची भाजी निवडू लागली.

सकाळी आठवी ड नटून आली. डोक्याला चपचपीत तेल, गादीखाली घडी घालून इस्त्री केलेले शर्ट. कचरू पवारनं बापाचा दाढीचा आरसा रुमालात गुंडाळून आणला होता. आधीची तीन मुलं गेली म्हणून आईबापांनी याचं नाव कचरू ठेवलं, नजर लागू नये म्हणून. उन्हाची तिरीप आरशानं कुठे कशी पाडायची हे त्याला वर्गात सगळ्यात आधी समजलं होतं, आणि समजल्यावर त्यानं ते मागच्या दोन बाकांना त्यांच्या भाषेत समजावून दिलं होतं.

राजगुरू बाईंनी सगळ्यांना मैदानावर पाठवलं. क्रीडास्पर्धा आहेत, फक्कीच्या रेघा मारा म्हणाल्या. पांढऱ्या पावडरीचे डबे घेऊन मुलं निघाली. कचरू दारात घुटमळला.

"बाई, पाहुणे आले की बोलवाल ना?"

"हो," ललिता म्हणाली.

हे 'हो' तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ड च्या बाकांवर अ बसली. साने सर मागे खुर्चीत, शेजारी साहेब आणि त्यांचा फोटोवाला. वर्ग तळमजल्यावर, खिडक्या मैदानाकडे सताड उघड्या. ललितानं हजेरी सुरू केली. एकेक नाव घ्यायचं आणि त्या नावाचा नसलेला चेहरा "हजर" म्हणायचा. मापात शिवलेल्या, गुंडी न तुटलेल्या गणवेशातली ती मुलं तशी वाईट नव्हती, त्यांना नाटकात काम मिळाल्यासारखं वाटत होतं.

"पवार कचरू."

"हजर," सौरभ म्हणाला आणि वर्गात खसखस पिकली. सौरभ डॉक्टरांचा मुलगा. साहेबांनाही हसू आलं. नाव वेगळंच आहे म्हणाले, आणि आपुलकीनं विचारलं, "बाबा काय करतात तुझे?"

हे काही शिकवलेलं नव्हतं. सौरभनं क्षणभर विचार केला.

"दारू पितात, सर."

साहेबांचा चेहरा कळवळला. त्यांनी उठून सौरभच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. राजगुरू बाईंनी भिंतीशी उभ्या राहून मान खाली घातली, जणू काय तो बाप त्यांच्याच ओळखीचा होता.

कचरूचे वडील बापूराव मार्केट यार्डात हमाली करायचे. गळ्यात तुळशीची माळ. एकदा पोराची चौकशी करायला आले तेव्हा टोपी काढून वर्गाबाहेर उभे राहिले होते आणि ललितानं खुर्ची दिली तरी बसले नव्हते. या माणसानं आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. ललिताच्या जिभेवर हे सगळं आलं. साने सर घड्याळ बघत होते. खिडकीबाहेर, अगदी गजांशी, हातात फक्कीचा डबा धरून कचरू उभा होता.

तिनं पुढचं नाव घेतलं.

पाठ उत्तम झाला. उजवे हात खूप वर होते. साने सरांनी उत्कृष्ट असा शेरा दिला आणि एवढ्या थोड्या काळात ड तुकडीचं तुम्ही सोनं केलंत, असं सर्वांदेखत सांगितलं. राजगुरू बाईंनी पेढा तिच्या तोंडात कोंबला. तो तिनं पाण्याच्या टाकीमागे जाऊन थुंकला, चूळ भरली, परत चूळ भरली, तरी चव जाईना. प्रमाणपत्र देताना मुख्याध्यापक म्हणाले, जूनमध्ये भेटूच.

दुसऱ्या दिवशी निरोपाचा एक तास उरला होता. ललिताला वाटलं होतं पोरं रुसतील, दंगा करतील, निदान कोणीतरी विचारेल. ती आत आली तशी ती सगळी उठून उभी राहिली. "नमस्ते बाई" म्हणाली आणि बसली. एवढी शिस्त त्या वर्गात कधी नव्हती. तिनं हजेरी काढली. एकेकजण हजर म्हणत गेला, खालच्या आवाजात, समोर बघून.

"पवार कचरू."

कचरू उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आजारी मुलाचा निरोप द्यावा तसं तो म्हणाला,

"बाई, तो अ मध्ये बसतो."

कोणी हसलं नाही. कचरू तसाच उभा राहिला, कारण बाईंनी अजून बस म्हटलं नव्हतं.