लंडनमार्गे

नरेंद्ररावांनी तळहात पुढे केला. आसावरीनं डबीतून चिमूटभर तंबाखू त्यावर ठेवली, बोटं झटकली आणि डबी ओव्हनच्या वरच्या कपाटात परत ठेवून दिली. तिथवर वडिलांचा हात पोचत नव्हता आणि स्टुलावर चढायला त्यांचे गुडघे राजी नव्हते. जागेची निवड अभ्यास करून झाली होती.

"काल याहून जास्त होती," ते म्हणाले.

"आज शुक्रवार. दर शुक्रवारी थोडी कमी, असं ठरलंय ना बाबा?"

"कुणाचं ठरलंय?"

"माझं."

महिन्यापूर्वी डेंटिस्टला नरेंद्ररावांच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला होता. आज तो 'काही नाही' आहे, पण तंबाखू अशीच चालू राहिली तर त्याचं 'काही' व्हायला वेळ लागणार नाही, असं त्यानं सांगितलं. ऑगस्टअखेर पुन्हा तोंड उघडून दाखवायचं होतं. निपाणीहून आणलेली चारही पाकिटं आसावरीनं त्याच दुपारी जप्त केली. इथं अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या औषध कंपनीत तिची पंधरा वर्षं गेली होती. डोस पायरीपायरीनं कसा उतरवायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

नरेंद्रराव स्वतः जप्ती करणाऱ्यांतले. निपाणीत ते एक्साइजचे इन्स्पेक्टर होते. उभ्या पिकाची नोंद करायची, वखारीला लाखेचं सील ठोकायचं, नोंदीबाहेरचा माल हुडकायचा. नव्या शिपायाला ते एकच गोष्ट शिकवत. तोंडाकडे बघू नकोस, बोटांकडे बघ. ओल्या तंबाखूचा चीक बोटांवर काळा धरतो. माणूस ज्योतिबाची शपथ घ्यायचा आणि त्याचीच बोटं उलटी साक्ष द्यायची.

टेबलाशी बारा वर्षांची स्वानंदी समर कॅम्पचं पोस्टर रंगवत होती. एक जहाज, एक राजा आणि पालकासारखी दिसणारी तंबाखूची पानं.

"आजोबा, हा किंग जेम्स. टोबॅको हेट करायचा. त्यानं अगेन्स्टमध्ये अख्खं बुक लिहिलं!"

"शहाणा होता," आसावरी डिशवॉशरमध्ये भांडी लावत म्हणाली.

"पण मग त्यानं रूल केला, की व्हर्जिनियाची सगळी टोबॅको आधी लंडनला आली पाहिजे. सो ही गेट्स द टॅक्स. आणि इंग्लंडमध्ये कुणी ग्रो करायची नाही."

नरेंद्ररावांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "म्हणजे तंबाखू वाईट. पण आपल्या हातून गेली तर चालेल."

"एक्झॅक्टली."

त्यांनी ओव्हनवरच्या कपाटाकडे पाहिलं. "आसावरी, तुझं लंडन बरंच उंचावर आहे गं."

"बाबा, चिमूट संपली की चूळ भरा."

"आणि लोकांनी ऐकलं राजाचं?" त्यांनी नातीला विचारलं.

"नो! फार्मर्सनी लपून लावली. मग नंतर सोल्जर्स आले अँड दे पुल्ड इट आउट."

"सगळी?"

हा प्रश्न जरा घाईनंच आला. आसावरीनं नळ सोडला आणि पुढचं पाण्याच्या आवाजात गेलं.

घाईला कारण होतं. मागच्या अंगणात, टोमॅटोच्या रांगेमागे, एक झाड उभं होतं. मे महिन्यात शनिवारच्या बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी नरेंद्ररावांची गाठ पडली होती. दोघांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळलं नाही, पण पान बोटांत धरून कसं पारखायचं ते दोघांनी सारखंच करून दाखवलं. पुढच्या शनिवारी म्हाताऱ्यानं कागदी कपात एक रोप आणून दिलं. इथल्या मातीत ते कसं येतं एवढंच पाहायचं, निव्वळ कुतूहल, असं नरेंद्ररावांनी स्वतःला समजावलं. पकडले गेल्यावर निपाणीचे शेतकरीही साधारण हेच म्हणायचे.

शनिवारी सकाळी झारी घेऊन ते टोमॅटोमागे गेले आणि थबकले.

काल शेंड्याला गुलाबी कळ्यांचा तुरा होता. आज नव्हता. हरणं येतात या भागात, पण हरीण पान ओरबाडून खातं. इथं तुरा वरच्या दोन कोवळ्या पानांसकट नखानं खुडला होता, आणि प्रत्येक पानाच्या बगलेतला फुटवाही अलगद काढलेला होता. एवढी शिस्त हरणाला नसते.

ते झाडाभोवती एक फेरी मारून आले. शेंडा खुडला की सगळी ताकद पानात उतरते, पान जाड आणि कडक होतं. शेंडा खुडला की झाड बीही धरत नाही, त्याचा वंश तिथंच थांबतो. खुडणाऱ्याच्या मनात यातलं कुठलं होतं ते झाडावर लिहिलेलं नव्हतं. मात्र हे काम जमणारी या घरात दोनच माणसं होती. एक ते स्वतः. दुसरी दहा वर्षांची असताना त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून निपाणीची शेतं हिंडलेली.

आत आले तेव्हा आसावरी सिंकपाशी हात धूत होती. बराच वेळ धूत असावी, कारण मनगटं लाल झाली होती.

"आलात? चला, सकाळची घ्या," म्हणत तिनं डबी काढली.

त्यांनी तळहात पुढे केला. चिमूट आली. ती ठेवणाऱ्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं काळपट होती.

तीस वर्षांत नरेंद्ररावांनी अशी बोटं कधी सोडली नव्हती.

"काय बघताय बाबा?"

"काही नाही."

त्यांनी चिमटीचे दोन भाग केले. एक गालाकडे नेला, दुसरा डबीत परत टाकला.

"ते साबणानं नाही जायचं," ते म्हणाले. "आधी गोडेतेल चोळ."

आसावरीनं झटकन मूठ मिटली. मग हळूहळू उघडली, आणि तेलाची बाटली घ्यायला वळली.

डबी ओट्यावरच राहिली. विसरणाऱ्यांतली ती नव्हती. नरेंद्ररावांनी सवयीनं वाकून झाकणावर सील आहे का ते पाहिलं. नव्हतं.