पंजाचं माप

"गिटारीची मान जाड आहे," खर्जमामा म्हणाले.

"आधी पाठ तर बघा," कारागीर म्हणाला.

"पाठ कशाला बघू? बोटं पोचत नाहीत माझी."

ऑर्केस्ट्रात तीस वर्षं बेस गिटार वाजवणाऱ्या या माणसाला सगळे खर्जमामाच म्हणत. डाव्या हाताचे सांधे धरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बारीक मानेची गिटार घ्या, नाहीतर वाजवणं सोडा. कंपन्यांच्या सगळ्या गिटारी त्यांना जाडच पडायच्या. म्हणून मामा छोट्या कारागिरांच्या नादी लागले. पहिल्याने दिलेली मान पहिल्याच उन्हाळ्यात वाकली. दुसऱ्याच्या गिटारीची जाड तार प्रत्येक सुराला खरखरायची, आणि तो शहाणा वर म्हणतो कसा, "जरा हळू वाजवत जा ना." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे वाकडं अंगण करणाराच नाचणाऱ्याला नावं ठेवत होता.

तिसऱ्या वेळी मामांनी तोंडी बोलण्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. कागदावर डावा पंजा ठेवला, बायकोने पेन्सिलीने भोवती रेघ मारली. "या हाताला झेपेल अशी मान करा," म्हणून तो कागद कारागिराच्या हाती दिला. "निर्धास्त राहा," तो म्हणाला. त्या निर्धास्तपणात दोन वर्षं गेली. फोन केला की लाकूड वाळतंय, पुन्हा केला की पॉलिश वाळतंय. इकडे बोटं आखडत चालली होती. शेवटी ऑर्केस्ट्राच्या मालकानेच विचारलं, "मामा, शनिवारी जमणार की दुसरा बघू?"

"कागद कशासाठी दिलात ते मी बरोबर ओळखलं," असं म्हणत कारागिराने आता ती तयार गिटार उलटी केली. पाठीवर शिंपल्याच्या पांढऱ्या रेघेत मामांचा पंजा जडवलेला होता. बोटाबोटाचं वळण अचूक. "चार महिने लागले याला."

"आणि मान?"

"ती वडिलांच्या साच्यावरची. तिला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, माप दिलं होतं मी. शिंप्याला अंगाचं माप दिलं तर तो सदऱ्याच्या पाठीवर माझं चित्र काढून देतो का?"

कारागिराचा चेहरा उतरला. "मला वाटलं, हाताची आठवण हवी असेल तुम्हाला."

"आठवण मेलेल्याची ठेवतात. हा अजून जिवंत आहे."

आणि ते दाखवायलाच म्हणून मामांनी रागारागाने डावा पंजा त्या रेघेवर टेकवला. तो बसेना. करंगळी आत वळलेली, शेजारचं बोट रेघेबाहेर. शिंपल्याची टोकं पुढे रिकामीच राहिली.

मामांनी उजव्या हाताने करंगळी दाबून रेघेवर सरळ केली. सोडल्यावर ती पुन्हा आत आली.

मग त्याच उजव्या हाताने त्यांनी मालकाला फोन लावला. "शनिवारी दुसरा बघ," म्हणाले. डावा हात गिटारीवरच होता.